शेअरचे पैसे नेमके कुणाला मिळतात? डोंगरी बुजुर्गच्या खाणीवरून एक पाठ



अकरावी वाणिज्यची मुलं 'नावे-जमा' पाठ करतात. शेअर बाजार मात्र त्यांना लॉटरीसारखा वाटतो. या दोन गोष्टींचा संबंध आपल्याच भंडारा जिल्ह्यातल्या उदाहरणाने बघू या.

तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या चालवते मॉईल ही सरकारी कंपनी, मुख्यालय नागपूरला. डिसेंबर २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. दर्शनी मूल्य १० रुपये, विक्रीची किंमत ३७५ रुपये.

आता वर्गात विचारा : हे ३७५ रुपये कुणाला मिळाले? बहुतेक मुलं म्हणतील, "कंपनीला!" तसं नाही. केंद्र सरकारने आपल्याकडचे १० टक्के, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी ५ टक्के शेअर विकले. पैसा सरकारांकडे गेला. कंपनीचं भाग भांडवल १६८ कोटी होतं, तेवढंच राहिलं. बदलली ती फक्त मालकांची नावं.

समजा, कंपनीनेच नवा शेअर काढला असता तर? नोंद अशी झाली असती :

बँक खाते नावे ३७५
भाग भांडवल खाते जमा १०
अधिमूल्य खाते जमा ३६५

दोन्ही बाजू सारख्या. हीच द्विनोंदी पद्धत.

पुढे बाजारात भाव ४०० झाला किंवा ३०० झाला, तरी कंपनीच्या रोजकीर्दीत एक ओळही लिहिली जात नाही. खनिज उधारीवर विकलं, की ग्राहकाचं खाते नावे, विक्री खाते जमा. मजुरी दिली, की मजुरी खाते नावे, बँक खाते जमा. रोजकीर्दीतून खतावणी, मग तेरीज, शेवटी नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद. जाणता गुंतवणूकदार भावाआधी हे ताळेबंद वाचतो.

पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे. मोबाईलवर "महिन्यात पैसे दुप्पट" असा मेसेज आला, तर दोन गोष्टी विचारा. नफा कोणत्या धंद्यातून येणार, त्याचा ताळेबंद कुठे आहे? आणि सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का? उत्तर मिळालं नाही, तर धान विकून आलेला पैसा तिथे टाकू नका.

मुलांसाठी गृहपाठ : घरच्या खर्चाची आठवडाभर रोजकीर्द लिहा. दोन्ही बाजू जुळतात का, ते तपासा.