उत्तर काढण्याआधी : दिलेली माहिती पुरेशी आहे का?



'एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचे वय किती?' १९७९-८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे प्राथमिकच्या ९७ मुलांना हा प्रश्न दिला होता. त्यातल्या ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरूनच वय काढून दाखवलं! आपल्या वर्गात विचारून बघा, '३६' हे उत्तर नक्की ऐकू येईल. आकडे दिसले की क्रिया करायची, ही सवय मुलांना लागलेली असते. पुढे बीजगणितात हीच सवय नडते. म्हणून 'माहिती पुरेशी आहे का?' हा प्रकार मुद्दाम शिकवायला हवा.

पुरेशी म्हणजे काय?

विचारलेल्या प्रश्नाचं एकच एक उत्तर मिळत असेल, तर माहिती पुरेशी. दोन वेगळी उत्तरं चालत असतील, तर अपुरी. मुलांना हे एवढंच पक्कं सांगा.

उदाहरण

आई आणि मुलगी यांच्या वयांची बेरीज ५० वर्षे आहे. आईचे वय किती?
विधान १ : आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे.
विधान २ : ५ वर्षांनंतर दोघींच्या वयांची बेरीज ६० वर्षे होईल.

आधी विधान २ हाताने झाका. मुलीचे वय क्ष, आईचे ४क्ष. ५क्ष = ५०, म्हणून क्ष = १०. आई ४० वर्षांची. विधान १ एकटं पुरेसं आहे.

आता विधान १ झाका आणि मघाचं ४० विसरा. मुलं इथेच फसतात. आईचे वय य धरलं तर (क्ष + ५) + (य + ५) = ६०, म्हणजे क्ष + य = ५०. हे तर आधीच दिलेलं होतं! नवीन काहीच कळलं नाही. आई ४० ची असू शकते, ३५ ची पण. म्हणून विधान २ अपुरं.

'दोन चलांना दोन समीकरणे' एवढ्यावर थांबू नका

हा नियम उपयोगी आहे, पण नेहमी चालत नाही.

१) क्ष + २य = १० आणि २क्ष + ४य = २०. समीकरणं दोन दिसतात, पण दुसरं पहिल्याचीच दुप्पट आहे. अपुरी.

२) क्ष + य = १० असेल तर ३क्ष + ३य = किती? क्ष माहीत नाही, य पण नाही, तरी उत्तर ३०. पुरेशी.

३) ५ रुपयांची आणि ७ रुपयांची मिळून ३१ रुपयांची पेनं घेतली. प्रत्येकी किती? समीकरण एकच : ५क्ष + ७य = ३१. पण अर्धं पेन मिळत नाही! य ला ०, १, २, ३, ४ घालून बघा. फक्त य = ३, क्ष = २ जमतं. पुरेशी.

४) क्ष² = २५ असेल तर क्ष = किती? ५ आणि –५ दोन्ही चालतात. अपुरी. पण क्ष ही चौरसाची बाजू असेल तर ५ च. पुरेशी.

तपासायचं कसं?

'अपुरी' म्हणणाऱ्या मुलाला दोन वेगळी उत्तरं दाखवायला सांगा. दोन्ही दिलेल्या माहितीत बसली, की त्याचं म्हणणं सिद्ध झालं. मग विचारा, 'अजून काय कळलं तर उत्तर येईल?' या प्रश्नाने मूल स्वतःच हरवलेलं समीकरण शोधायला लागतं.

घरी सोडवून घ्या

अ) क्ष – य = ३ आणि २क्ष – २य = ६. क्ष = ?
ब) क्ष + य = ७. ४क्ष + ४य = ?
क) क्ष² = ४९ आणि क्ष ही ऋण संख्या आहे. क्ष = ?

उत्तरे : अ) अपुरी, ब) पुरेशी (२८), क) पुरेशी (–७).

पालकांना एक विनंती. मूल 'हे गणित सुटत नाही, माहिती कमी आहे' म्हणालं, तर लगेच 'आळस करू नकोस' म्हणू नका. 'का बरं?' एवढंच विचारा. त्याने कारण दिलं, तर ते गणित त्याला समजलं आहे. कारण बरोबर असेल तर पूर्ण गुण द्या.