घरातील खिमा : साठवण, पारख आणि सावधगिरी

जमाखर्चाची पत्रके, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचे तक्ते यांच्या जोडीने या अहवालात आरोग्यविषयक एखादा पाठ देण्याची आपली प्रथा आहे. यंदाचा विषय काही वाचकांस अनपेक्षित वाटेल. तो आहे खिमा. ज्यांच्या घरी मांसाहार होत नाही त्यांनी यातील कच्च्या मांसाचा भाग सोडून दिला तरी चालेल. परंतु शिजवलेले अन्न किती वेळ बाहेर ठेवावे आणि रुग्णाचा डबा कसा न्यावा, हा भाग त्यांनाही उपयोगी पडेल.

हा विषय निवडण्यामागे कारण आहे. खिमा मऊ असतो, चावावा लागत नाही. त्यामुळे दात नसलेले वृद्ध, आजारातून उठलेली माणसे आणि लहान मुले यांना तो आवर्जून दिला जातो. रुग्णांसाठी घरून येणाऱ्या डब्यांतही तो असतो. म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती सर्वांत कमी, त्यांच्याच ताटात मांसाचा सर्वांत नाशवंत प्रकार वाढला जातो. त्यातच आषाढ संपताना, पुढे श्रावण पाळावयाचा म्हणून, अनेक घरी गरजेपेक्षा अधिक मांस आणले जाते. नेमक्या त्याच दिवसांत हवा दमट असते आणि वीजही वारंवार जाते.

उलट्या-जुलाबांच्या रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येते, “पण वास तर काही येत नव्हता!” ते खरेच बोलत असतात. या लेखाचा सारा आशय त्या वाक्याच्या उत्तरात आहे : वासावरून अन्न बिघडल्याचे कळते, पण ते सुरक्षित असल्याचे कळत नाही.

खिमा लवकर का बिघडतो?

निरोगी जनावराच्या मांसाचा अखंड तुकडा घेतला, तर त्याच्या आतील भागात जंतू जवळजवळ नसतात. ते असतात पृष्ठभागावर. कापताना, सोलताना, सुरी, हात, ठोकळा व वजनकाटा यांच्या स्पर्शाने ते तेथे पोहोचतात. असा तुकडा शिजवला की बाहेरील भागाला प्रथम आणि सर्वाधिक उष्णता मिळते व बहुतेक जंतू मरतात.

खिमा करताना मात्र हे बाहेरचे जंतू मांसाच्या कणाकणांत मिसळले जातात. पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, पेशी फुटून रस बाहेर येतो आणि हा ओलसर, पौष्टिक रस जंतूंच्या वाढीस अत्यंत अनुकूल ठरतो. यंत्र नीट धुतलेले नसेल, तर आधीच्या मांसाचे अवशेषही त्यात येतात. म्हणूनच जे मटणाचे तुकडे रेफ्रिजरेटरमध्ये तीन दिवस चांगले राहतात, त्यांचाच खिमा तितके दिवस ठेवणे योग्य नाही.

चक्रवाढीचा हिशेब

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे त्यास हे गणित चक्रवाढ व्याजाच्या भाषेत लवकर उमगते. अनुकूल उष्णता मिळाल्यास काही जंतूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. एका जंतूपासून सुरुवात केली, तर २ तासांत ६४, ४ तासांत ४,०९६ आणि ७ तासांत २० लाखांहून अधिक! सकाळी आठ वाजता आणलेला खिमा दुपारी तीनपर्यंत ओट्यावर राहिला, तर मुद्दल किती झाले असेल याची कल्पना करावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली : स्वच्छता राखणे, कच्चे व शिजवलेले अन्न वेगळे ठेवणे, अन्न पूर्ण शिजवणे, ते सुरक्षित तापमानात ठेवणे आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल वापरणे. त्यांनुसार ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस हा तापमानाचा धोक्याचा पट्टा होय. ५ अंशांखाली जंतूंची वाढ मंदावते किंवा थांबते, ६० अंशांवरही ती थांबते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडीमुळे जंतू मरत नाहीत. बर्फात गोठवलेल्या खिम्यातील पुष्कळसे जंतू जिवंत राहतात आणि खिमा वितळताच पुन्हा कामाला लागतात.

दोन प्रकारचे जंतू

मांस बिघडवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे बहुधा वेगवेगळे असतात. पहिल्या प्रकारातील स्यूडोमोनाससारखे जंतू थंडीतही हळूहळू वाढतात, मांसाला चिकटपणा व आंबूस-कुजका वास आणतात. ते एक प्रकारे आपल्याला सूचना देतात. दुसऱ्या प्रकारातील साल्मोनेला किंवा ई. कोलायच्या घातक जाती मात्र रंग, वास वा चव यांत कोणताही फरक न करता अन्नात राहू शकतात.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९२ च्या अखेरीस व १९९३ च्या आरंभी तेथील पश्चिमेकडील राज्यांत एका उपाहारगृह-साखळीच्या खिम्याच्या हॅम्बर्गरमधून ‘ई. कोलाय ओ १५७’ या जंतूची बाधा झाली. ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ बालके दगावली. खिम्याच्या वड्या आतपर्यंत पुरेशा शिजल्या नव्हत्या. या जंतूचे विष रक्तपेशी व मूत्रपिंडे यांवर आघात करते आणि लहान मुलांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बाधा होण्यास अगदी थोडे जंतू पुरेसे असतात. या घटनेनंतर १९९४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खिम्यात हा जंतू आढळल्यास तो माल भेसळयुक्त समजण्याचे धोरण स्वीकारले. हा जंतू रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यांत राहतो आणि शेळ्या-मेंढ्याही त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे ही परदेशातील गोष्ट म्हणून आपण निश्चिंत राहता कामा नये.

पारख कशी करावी?

रंग : ताज्या मांसातील मायोग्लोबिन या द्रव्याचा हवेशी संयोग होऊन वरचा थर लालभडक दिसतो. आतील भागाला हवा न मिळाल्याने तो जांभळट किंवा करडा दिसू शकतो. काही वेळाने वरचा थरही तपकिरी होतो. केवळ या रंगबदलावरून खिमा टाकून देण्याचे कारण नाही. तसेच तो लाल आहे म्हणून ताजाच आहे, असेही समजू नये. हिरवट झाक किंवा बुरशीचे ठिपके मात्र निश्चितपणे बिघाड दाखवतात.

स्पर्श : ताजा खिमा ओलसर असतो, पण बुळबुळीत नसतो. बोटांना चिकट, तार सुटल्यासारखा थर लागला, तर तो टाकून द्यावा.

वास : आंबट, कुजका किंवा अमोनियासारखा उग्र वास हे बिघाडाचे लक्षण होय. गोठवलेल्या खिम्यातील चरबी फार दिवसांनी खवट होते. शंका आल्यास चव घेऊन पाहू नये. मसाला, लिंबू वा व्हिनेगर यांनी वास झाकता येतो, दोष जात नाही.

घड्याळ व तारीख : ही सर्वांत महत्त्वाची कसोटी. वरील तिन्ही बाबतींत खिमा उत्तीर्ण झाला, पण तो किती वेळ बाहेर होता किंवा केव्हा आणला हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर तो वापरू नये.

खरेदीपासून साठवणीपर्यंत

१. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी वा परवाना असलेल्या दुकानातूनच मांस घ्यावे. आधीच करून ठेवलेला खिमा घेण्याऐवजी तुकडा निवडून आपल्यासमोर खिमा करून घ्यावा. यंत्र स्वच्छ आहे की नाही, हे पाहण्यात संकोच बाळगू नये.

२. बाजारहाटात मांसखरेदी सर्वांत शेवटी करावी व थेट घरी यावे. खिमा दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नये. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एक तासाचीच समजावी. आपल्याकडील चैत्र-वैशाखात बहुतेक दिवस याच नियमात मोडतात.

३. खिमा नळाखाली धुतल्याने त्यातील जंतू निघून जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर ते मोरी, ओटा आणि शेजारी ठेवलेली कोशिंबीर यांवर पसरतात. हात मात्र साबणाने धुवावेत. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवावेत.

४. एक-दोन दिवसांत वापरावयाचा खिमा झाकणाच्या डब्यात, रेफ्रिजरेटरच्या खालच्या फळीवर ठेवावा, म्हणजे त्याचा रस अन्य पदार्थांवर गळणार नाही. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तेथे तापमान सतत बदलते. आतील तापमान ४ ते ५ अंशांच्या आत असावे. एक साधा तापमापक आत ठेवल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

५. त्याहून अधिक दिवस ठेवावयाचा असल्यास आणल्याबरोबर गोठवावा. एका वेळेस लागेल इतक्याच खिम्याची चपटी, सुमारे एक इंच जाडीची पुडकी करावीत. मोठा गोळा आतपर्यंत थंड होण्यास फार वेळ घेतो. उणे १८ अंशांत खिमा ३ ते ४ महिने उत्तम राहतो. मात्र एकाच दाराच्या घरगुती रेफ्रिजरेटरमधील बर्फाचा कप्पा नेहमी इतका थंड होतोच असे नाही. तेथे आइस्क्रीम कडक राहत नसेल, तर दीर्घ साठवण करू नये.

६. प्रत्येक पुडक्यावर तारीख लिहावी आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. रुग्णालयाच्या औषधभांडारात पाळला जाणारा हा नियम घरच्या फ्रीजलाही तितकाच लागू पडतो.

७. गोठवलेला खिमा ओट्यावर न वितळवता आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये वितळवल्यास लगेच शिजवावा. बाहेर ठेवून वितळवलेला खिमा पुन्हा गोठवू नये.

शिजवणे, उरलेले अन्न आणि रुग्णाचा डबा

खिम्याच्या मध्यापर्यंत किमान ७१ अंश व कोंबडीच्या खिम्याच्या बाबतीत ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे. रश्शात खदखदून उकळलेल्या खिम्याला ती सहज मिळते. प्रश्न येतो तो कबाब, कोफ्ते आणि पॅटिस यांचा. बाहेरून खरपूस झालेली जाड वडी आतून अर्धकच्ची राहू शकते. अशा वड्या पातळ थापाव्यात व एखादी मधोमध मोडून पाहावी. केवळ रंगावर मात्र विसंबू नये; तापमापक असल्यास तोच वापरणे श्रेयस्कर.

शिजवल्याने सर्व काही संपते, असेही नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जंतूची बीजे उकळूनही टिकतात आणि मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या अन्नात पुन्हा वाढू लागतात. स्टॅफिलोकोकस हा जंतू हाताच्या जखमेतून वा नाकातून अन्नात येतो. त्याने तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून “एकदा उकळी काढली की झाले” ही समजूत सोडून द्यावी. उरलेला खिमा उथळ भांड्यांत पसरून लवकर निववावा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा. खाताना हवा तेवढाच भाग काढून वाफ येईपर्यंत गरम करावा.

रुग्णासाठी डबा आणताना प्रथम डॉक्टरांची अथवा आहारतज्ज्ञांची अनुमती घ्यावी. अन्न ताजे शिजवून, कढत असतानाच उष्णतारोधक डब्यात भरावे आणि पोहोचताच रुग्णास द्यावे. उरलेले अन्न रात्रीसाठी खाटेखाली वा कपाटात ठेवू नये. कर्करोगावरील औषधोपचार घेणारे, डायलिसिसवर असलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया, बालके आणि वृद्ध यांच्या बाबतीत हा नियम विशेष काटेकोरपणे पाळावा.

वीज गेल्यास

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबई व उपनगरांच्या अनेक भागांत वीजपुरवठा दीर्घकाळ बंद राहिला होता. असा प्रसंग कोणत्याही पावसाळ्यात येऊ शकतो. दार न उघडल्यास रेफ्रिजरेटरमधील थंडावा साधारणतः ४ तास टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल, तर कच्चा खिमा आणि शिजवून ठेवलेले मांस टाकून द्यावे. गोठवलेल्या पुडक्यात अद्याप बर्फाचे कण असतील, तर ते लगेच शिजवून खाता येते. वीज केव्हा गेली होती, ती वेळ नोंदवून ठेवण्याची सवय असावी.

त्रास झाल्यास

उलट्या-जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच, स्वच्छ पाण्यात ती तयार करावी. शौचातून रक्त जाणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या, तीव्र ताप किंवा ग्लानी यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता रुग्णालयात यावे. जुलाब थांबवणारी औषधे स्वतःच्या मनाने, विशेषतः मुलांना, देऊ नयेत. काय व केव्हा खाल्ले, आणखी कोणास त्रास होत आहे, हे डॉक्टरांना सांगावे. निदानास त्याची मोठी मदत होते.

पाव किलो खिमा टाकून देताना गृहिणीचा जीव हळहळतो, हे स्वाभाविक आहे. अन्न वाया घालवू नये, हा आपला संस्कारच आहे. परंतु तो पाळण्याची योग्य वेळ खरेदीची आहे : लागेल तेवढेच आणावे, आणल्याबरोबर तारीख घालावी. शंकास्पद खिम्याची किंमत आणि एका दिवसाच्या सलाइनची किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहिल्यास यातील नफा-तोटा समजण्यास हिशेबनीसाची गरज पडत नाही. आपल्या देणगीतून उभ्या असलेल्या खाटा टाळता न येणाऱ्या आजारांसाठी मोकळ्या राहाव्यात, हीच आपणा सर्वांस नम्र विनंती.