कुत्र्याच्या नावाचं पान

आमच्या घरखर्चाच्या वहीत दूध, वाणसामान, वीज यांच्या मागोमाग एक पान कुत्र्याच्या नावाचं असतं. आधी त्यावर ब्रूनोचं नाव होतं. तो लॅब्रेडॉर. आता चिंगीचं आहे. ती तांबूस रंगाची, मध्यम अंगाची गावठी कुत्री. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या दोघांना सांभाळताना जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. पिल्लाची किंमत विचारणारे मला पुष्कळ भेटतात. पुढच्या बारा वर्षांचं कसं, हे विचारणारे फार थोडे. खरा हिशेब मात्र तिथेच आहे.

१. हट्ट मुलांचा, कुत्रा आईबाबांचा

लॅब्रेडॉर साधारण १० ते १२ वर्षं जगतो. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर पंधरापर्यंतही जातो. पाचवीतल्या मुलीच्या हट्टापायी पिल्लू आणलं, तर ती दहावीला बसेल तेव्हा ते ऐन भरात असतं, आणि ती शिकायला परगावी जाते तेव्हा त्याला जिना चढवत नसतो. ‘आई, मी रोज फिरवीन’ हे मूल अगदी मनापासून म्हणतं. पण भर पावसात सकाळी सहाला पट्टा हातात घेऊन खाली उतरायचं, परत आल्यावर चारही पाय पुसायचे, हे वर्षानुवर्षं मोठ्यांनाच करावं लागतं. म्हणून मुलांना नाही, घरातल्या दोन मोठ्या माणसांना कुत्रा हवा आहे का ते आधी विचारा. त्यातलं एक जरी नाखूश असेल तर थांबा. आणि सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येतात, अशा घरात कुत्रा आणूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

२. आपल्या हवेत राहील असा कुत्रा

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढून तो अंगातली उष्णता घालवतो. घाम सुटतो तो फक्त तळव्यांना. बर्फाळ मुलखातल्या हस्कीला पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात काय होत असेल ते यावरून ओळखावं. पगचं नाक चपटं, त्यामुळे त्याला धाप टाकणंही जड जातं. हौसेसाठी अशा जिवाला बारा महिने एसीत कोंडणं मला पटत नाही. गावठी कुत्र्याचं अंग याच हवेत घडलेलं आहे. तरीही उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि रात्रीच फिरवावं. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा. आपल्याला पाच सेकंद सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

पिल्लू विकतच घ्यायचं असेल तर त्याची आई दाखवा म्हणावं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काही घेऊ नका.

३. पान फुगतं ते आजारपणाने

आकडे आमच्या वहीतले आहेत. शहर आणि कुत्र्याचं वजन बदललं की तेही बदलतील. तीसेक किलोच्या ब्रूनोचं खाणं महिन्याला चार-पाच हजारांपर्यंत जायचं, चिंगीचं त्याच्या निम्म्यात भागतं. वर्षाच्या लसी, दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध, गोचिडांवरच्या गोळ्या हे मिळून वर्षाला बारा-पंधरा हजार. एवढा खर्च ठरलेला असतो, त्याची तजवीज करता येते.

आजारपण सांगून येत नाही. रक्ततपासणी, सलाईन, सोनोग्राफी, रोजची इंजेक्शनं असा आठवडा लागला की पंधरा-वीस हजार सहज जातात. म्हणून आम्ही पिल्लू आणलं त्याच महिन्यात बँकेत हजार रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडलं आणि त्याला औषधपाण्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं. कुत्र्याचा विमाही मिळतो, पण तो लहानपणीच घ्यावा; वय वाढल्यावर नव्याने मिळणं कठीण होत जातं. सरकारी दवाखान्यांकडेही नाक मुरडू नका. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, ज्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करत आलं आहे.

४. आपलं ताट त्याचं ताट नव्हे

मराठी घरात कुत्रा वाढतो तो दूध-पोळीवर. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीतून त्याला लागतात तितकी प्रथिनं मिळत नाहीत. त्याहून जपायचं ते वाटणाला. आपल्या आमटी-रश्शात कांदा-लसूण असतो, आणि दोन्हींमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट नकोच, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम तर मुळीच नको. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पडतात आणि ते आतड्यात रुततात. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही देऊ नये.

चिंगीला भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं आणि लाल भोपळा असं मिळतं; वर डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पावडर. तिचं पातेलं वेगळं. घरात हे सगळ्यांच्या गळी उतरवावं लागतं, आणि ते प्रेमानेच उतरतं. सासूबाईंचा जीव कुत्र्यांवर फार, काही गोडधोड केलं की त्यांना आधी तिची आठवण येते. आता त्या शिऱ्यात बेदाणे घालतच नाहीत. ज्याला हवेत त्याच्या वाटीत वरून घालतात. शिवाय खाली सांडलेला एखादा बेदाणा नाही ना, ते ओट्यापाशी वाकून बघतात.

५. पावसाळा म्हणजे गोचीड

सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते याच्याबद्दल. ब्रूनो डब्याचं झाकण वाजलं की घरात असेल तिथून धावत यायचा. एका श्रावणात झाकण वाजलं आणि तो जागचा हलला नाही. डोळे फक्त वळले. मी त्याचा ओठ वर करून पाहिला, तर एरवी गुलाबी असणारी हिरडी पांढरट पडली होती. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान; त्यामुळे हात लावून किंवा नाक ओलं आहे का बघून ताप कळत नाही. थर्मामीटर लावला तेव्हा १०४ होता. रक्तातल्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या आसपास किंवा वर असायला हव्यात, त्या पार खाली गेल्या होत्या. निदान झालं एर्लिकियाचं, ज्याला सगळे टिक फीव्हर म्हणतात. हे जंतू गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरतात. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चाललं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो खायला लागला, तेव्हा औषध बंद करावं असं घरात एकदोघांना वाटलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पूर्ण चार आठवडे. ते ऐकलं म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

तेव्हापासून फिरून आल्यावर पाय पुसताना अंगावरून हात फिरवायचा नेम आहे. कानाच्या आत आणि मागे, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. बोटाला मसुरीएवढं काही लागलं की केस बाजूला करून बघायचं. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं, आणि स्पिरिटमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात टाकायचं. नखाने चिरडायचं नाही. रॉकेल, फिनेल कुत्र्याच्या अंगाला लावू नका. तो ते चाटतो, आणि त्याने विषबाधा होते. कुत्र्यावरचं हे तपकिरी गोचीड घरातही वाढतं. मादी हजारांनी अंडी घालते, आणि भिंतीच्या भेगा, फरशीची पट्टी, पलंगाचे सांधे या तिच्या जागा. म्हणून कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, आणि गोचिडांवरची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वेळच्या वेळी. लसींच्या कार्डावर लिहिलेली तारीख चुकू देऊ नका.

६. लस

पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्वो वगैरेंची एकत्रित लस सुरू होते, तिचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करावे लागतात. ते पुरे होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, बागेत खाली सोडू नये. पार्वो झाला की उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागतात, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जाऊ शकतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दर वर्षी. घरात कुणाला कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला, मग तो आपला असो की रस्त्यावरचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

७. कुत्रीचं ऑपरेशन

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा सल्ला कुत्री पाळणाऱ्यांना खूप जणी देतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला वय वाढतं तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. हीट संपल्यावर महिना-दीड महिन्यात ती एकाएकी खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. वेळेवर गर्भाशय आणि अंडाशय काढलं तर हा धोका उरत नाही आणि स्तनांच्या गाठींचाही पुष्कळ कमी होतो. शिवाय त्या पिल्लांना घरं कुणी द्यायची, हे पिल्लं होऊ द्या म्हणणारं कुणीच सांगत नाही.

८. सोसायटी

कायदा कुत्रा पाळणाऱ्याच्या बाजूने आहे. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पण शेजार केवळ कायद्यावर चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी कुत्र्यांना फार भितात, त्या लिफ्टमध्ये असल्या तर आम्ही पुढच्या फेरीची वाट बघतो. घरी कामाला येणाऱ्या मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा चिंगीला आतल्या खोलीत ठेवलं होतं. त्यांची भीती चेपायला महिना गेला, आता त्याच तिला हाक मारतात. पिशवी खिशात घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही आणि शी उचलायचीच. महापालिकेचा परवाना काढून ठेवावा. निम्मी भांडणं यानेच मिटतात.

९. दिवाळी, लग्नं, सुट्ट्या

फटाक्यांना घाबरून कुत्रे पळतात आणि हरवतात. गळपट्ट्यावर फोन नंबर हवा, आणि दिवाळीत संध्याकाळचं फिरणं अंधार पडण्याआधी उरकावं. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे आपल्या नावावर लागतं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवतात. तो पिंजरा मी पाहिला आहे. त्यात कुत्र्याला ठेवायला मी कुणाला सांगणार नाही. बोर्डिंगचे दिवसाला सहाशे-हजार पडतात. गावच्या लग्नाला आम्ही सगळे मिळून क्वचितच जातो, एक जण घरी थांबतो.

१०. म्हातारपण

ब्रूनोच्या शेवटच्या दोन वर्षांत सगळ्यात मोठा शत्रू ठरली ती आमची गुळगुळीत फरशी. मागचे पाय घसरायचे, उठताना तो धडपडायचा, आणि मग उठायलाच नको म्हणायचा. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पायपुसण्यांची वाट केली, तेव्हा तो पुन्हा घरभर फिरायला लागला. लॅब्रेडॉरच्या खुब्याचे सांधे लवकर झिजतात, म्हणून त्याचं वजन तरुणपणापासून आटोक्यात हवं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी पोटाखालून जाड चादर घेऊन दोघांनी दोन्हीकडून उचलायचं आणि जिना उतरायचा.

शेवटी त्याने खाणं सोडलं, उभं राहणं सोडलं, औषधाने दुखणं थांबेना. डॉक्टरांनी वेदनेतून सोडवण्याबद्दल विचारलं आणि आम्ही होकार दिला. ते इंजेक्शन देताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आपला माणूस त्या वेळी जवळ हवा. बाहेर थांबू नका. अंत्यविधीची सोय गावात कुठे आहे, हेही आधीच विचारून ठेवावं, त्या दिवशी फोन करत बसायचं बळ नसतं.

११. मोठं झालेलं कुत्रं

चिंगी प्राणी निवाऱ्यातून आली, दोनेक वर्षांची असताना. लसी, ऑपरेशन झालेलं होतं, स्वभाव समोर दिसत होता, फर्निचर कुरतडायचं वय मागे पडलं होतं. रुळायला तिला वेळ लागला. सुरुवातीला ती सोफ्यामागून बाहेर येत नसे. पण पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा खर्च आणि जागरण वाचलं, आणि बारा वर्षांचा शब्द द्यायला जे कचरतात, त्यांच्यासाठीही हा मार्ग खुला आहे. साठी ओलांडलेल्या जोडप्यांना तर मी हेच सुचवते. पुण्या-मुंबईतच नव्हे, इतर शहरांतल्या निवाऱ्यांतही अशी शहाणी, मोठी झालेली गावठी कुत्री वर्षानुवर्षं थांबलेली आहेत, कारण येणारा प्रत्येक जण पिल्लूच मागतो. पिल्लू बघायला निघण्याआधी एका रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन तिथे जाऊन या.