काढून टाकलेला ‘शेरा’ गेला कुठे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभासदांच्या नोंदी मी पोस्टग्रेसमध्ये ठेवतो. ‘शेरा’ हा कॉलम नकोसा झाला म्हणून काढून टाकला. लाखभर ओळी असूनही काम क्षणात उरकलं. डिस्कवरची जागा मात्र तसूभरही मोकळी झाली नाही. मग तो कॉलम गेला कुठे? कोणत्या टेबलात कोणते कॉलम आहेत हे डेटाबेस लिहून तरी कुठे ठेवतो? टेबलातच ठेवत असेल, तर त्या टेबलाचे कॉलम कुठे लिहिलेले असतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा शेरा आहे तिथेच आहे. तो दिसेनासा झाला, एवढंच. असं का, हे कळायला आधी डिस्कवर काय असतं ते पाहू.

समजा तुमच्या टेबलात सभासद क्रमांक, नाव, प्रवेशाची तारीख, शेरा आणि ठेव असे पाच कॉलम होते. डिस्कवरच्या ओळीत यातलं एकही नाव नसतं. सुरुवातीला २३ बाइटचं शीर्षक, मग एकापाठोपाठ एक मजकूर. कुठला तुकडा कशाचा, हे त्या ओळीला ठाऊक नसतं. २६ जानेवारी २००१ ही तारीख पोस्टग्रेस ३९१ या आकड्याच्या रूपात ठेवतो, कारण १ जानेवारी २००० पासून तो दिवस मोजतो. ते चार बाइट सभासद क्रमांक ३९१ चेही असू शकले असते. तारीख की क्रमांक, हे सांगणारी गोष्ट ओळीच्या बाहेर असते. तिलाच डेटा डिक्शनरी किंवा कॅटलॉग म्हणतात.

तुमची अटकळ बरोबर आहे : ही डिक्शनरीसुद्धा टेबलांचीच बनलेली असते. रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये जे बारा नियम मांडले, त्यातला चौथा हेच सांगतो. डेटाबेसचं वर्णन साध्या डेटासारखंच ठेवा आणि त्याच भाषेत ते विचारता येऊ द्या. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची यादी पीजी_क्लासमध्ये असते, प्रकारांची पीजी_टाइपमध्ये आणि कॉलमांची पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये. तुमच्या पाच कॉलमांच्या या शेवटच्या टेबलात पाच ओळी तयार झाल्या. प्रत्येकीत टेबलाचा आयडी, कॉलमचं नाव, प्रकाराचा क्रमांक (पूर्णांकाचा २३, तारखेचा १०८२), लांबी, रिकामं ठेवायला मुभा आहे की नाही, आणि कॉलमचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक फार महत्त्वाचा, कारण डिस्कवरचे तुकडे त्याच क्रमाने वाचले जातात. म्हणूनच कॉलमचं नाव बदललं तर लाख ओळींपैकी एकीलाही हात लावावा लागत नाही. डिक्शनरीतली एक नोंद बदलली की भागतं.

या नोंदी उघडून वाचल्या तर काही गमती सापडतात. ‘नाव’ हा कॉलम ५० अक्षरांचा केला असेल, तर तिथे ५४ लिहिलेलं दिसेल. जुन्या हिशेबातले चार बाइट अजून त्यात धरले जातात. दहा अंकी, दोन दशांश स्थळांच्या ‘ठेव’ कॉलमपुढे तर ६५५३६६ असा आकडा असतो. दहा आणि दोन हे दोन्ही अंक एकाच संख्येत कोंबले आणि वर तेच चार मिळवले की तो येतो. कॉलमचं नाव मराठीत ठेवता येतं, पण त्याला ६३ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त धरून. म्हणजे एकवीस चिन्हं झाली की संपलं. ‘प्र’ या एका जोडाक्षरातच त्यातली तीन जातात. मोठं नाव दिलंत तर पोस्टग्रेस एक सूचना देऊन ते कापतो आणि पुढे जातो. ती सूचना कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता शेरा. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. पोस्टग्रेसने तुमच्या शेऱ्याला कंस केला आहे. पीजी_ॲट्रिब्यूटमधली त्याची ओळ पुसली गेली नाही. तिच्यात ‘हा काढलेला आहे’ अशी खूण झाली, प्रकाराच्या जागी शून्य आलं आणि ‘शेरा’ऐवजी दोन्ही बाजूंना ठिपके असलेलं ‘पीजी.ड्रॉप्ड.४’ असं नाव बसलं. लांबीची माहिती मात्र मुद्दाम जपून ठेवली जाते. कारण उघड आहे : जुन्या ओळींत चौथा तुकडा अजून आहे, आणि तो किती लांब हे कळल्याशिवाय त्यावरून उडी मारून पाचव्यापर्यंत, म्हणजे ठेवीपर्यंत, पोचता येणार नाही. ठेवीचा अनुक्रमांक पाचच राहतो. उद्या नवा कॉलम जोडलात तर त्याला सहावा मिळेल; चौथी जागा पुन्हा कोणालाही नाही. एका टेबलात फार तर १६०० कॉलम चालतात आणि त्यात हे कंसातलेही मोजले जातात. दर महिन्याला कॉलम जोडायची-काढायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

जोडण्याचंही असंच. ओळीच्या शीर्षकात तिच्यात किती कॉलम आहेत हा आकडा असतो. जुनी ओळ पाचवर थांबली आणि डिक्शनरीने सहा सांगितले, तर सहावा रिकामा धरला जातो. ठरावीक मूल्य द्यायचं असेल तर २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून तेही डिक्शनरीतच एकदा लिहून ठेवतात. त्याआधी मात्र त्यासाठी सगळं टेबल नव्याने लिहावं लागे, आणि रात्री उशिरापर्यंत थांबायची पाळी येई.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पीजी_ॲट्रिब्यूटच्या कॉलमांची माहिती पीजी_ॲट्रिब्यूटमध्येच असते! त्याचा स्वतःचा आयडी १२४९. त्या आयडीच्या ओळी मागितल्या की ते टेबल स्वतःचंच वर्णन वाचून दाखवतं. मग पहिल्यांदा ते वाचायचं कसं? त्यासाठी मोजक्या मूळ टेबलांची रचना पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅममध्येच पक्की लिहिलेली असते. तेवढ्या शिदोरीवर तो उभा राहतो आणि बाकीचं डिक्शनरीतून वाचतो. ओरॅकलनेही या कामासाठी एक वेगळं छोटं टेबल राखून ठेवलं आहे.

वर्णन टेबलात ठेवण्याचा एक फायदा रोजच्या कामात जाणवतो. कॉलम काढणं ही शेवटी ओळींतलीच दुरुस्ती असल्यामुळे पोस्टग्रेसमध्ये ती व्यवहाराच्या आत करून, मन बदललं तर रोलबॅकही करता येते. ओरॅकल आणि मायएसक्यूएल अशा आज्ञेबरोबर व्यवहार आपणहून पक्का करून टाकतात. मायएसक्यूएलची पूर्वीची गोष्ट तर आणखी अवघड होती : दर टेबलामागे एक ‘एफआरएम’ फाइल, शिवाय त्याच्या आतल्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेची स्वतःची निराळी डिक्शनरी. मधेच वीज गेली की दोघींचं म्हणणं जुळायचं नाही. २०१८ च्या ८.० आवृत्तीत त्या फाइली गेल्या आणि सगळं इनोडीबीच्या टेबलांत आलं.

तर आता तुम्ही काय करायचं? थांबायची तयारी असेल तर काहीच नाही. जी ओळ पुढे बदलली जाईल, तिच्या नव्या प्रतीत शेऱ्याची जागा रिकामी जाईल. पण शेऱ्यात माणसं काय काय लिहून ठेवतात हे पतसंस्थेत बसणाऱ्याला सांगायला नको. कोणाची खासगी माहिती होती म्हणून तो कॉलम काढला असेल, तर ती डिस्कवर आणि फाइलींच्या जशाच्या तशा घेतलेल्या बॅकअपमध्ये अजून आहे असं समजा. ‘व्हॅक्यूम फुल’ चालवा. तो टेबलाची नवी प्रत लिहितो, म्हणून तेवढी जागा हाताशी हवी. आणि तोवर टेबल कुलूपबंद राहतं, म्हणून काउंटर बंद झाल्यावरची वेळ निवडा. पीजी_ॲट्रिब्यूटमधली ती ठिपक्यांची ओळ त्यानंतरही राहील. ती हाताने पुसायच्या फंदात पडू नका.