वैद्यकीय उपकरण उद्योजकता : प्रयोगशाळेपासून रुग्णशय्येपर्यंत

बंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हा परिसर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सान्निध्यामुळे सर्वपरिचित आहे. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तेथे संगणक क्षेत्रातील नोकरीची वाट जवळची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र येथून शहराकडे जाणाऱ्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा आहे. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात तेथील वैज्ञानिकांनी ‘स्वस्थ वायू’ हे श्वसनयंत्र ३६ दिवसांत विकसित केले. विमानविद्येतील ज्ञान रुग्णाच्या श्वासासाठी वापरता येते, हे त्यातून दिसून आले. या क्षेत्रात उद्योजक होऊ इच्छिणाऱ्याने कोणते टप्पे ध्यानात घ्यावेत, याचा हा आढावा.

गरजेची अचूक ओळख

उपकरणाचा प्रारंभ यंत्रापासून नव्हे, तर गरजेपासून होतो. ‘एम्ब्रेस’ हे याचे बोलके उदाहरण होय. २००७ मध्ये स्टॅनफोर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना स्वस्त इनक्युबेटर तयार करण्याचे काम देण्यात आले होते. अपुऱ्या दिवसांची अनेक बालके खेड्यांतच जन्मतात आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, हे पाहणीत लक्षात आल्यावर त्यांनी प्रश्नच बदलला. विजेच्या अखंड पुरवठ्याविना बालकाला ऊब कशी देता येईल, हा तो नवा प्रश्न. शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला, अवस्था बदलणारा मेणासारखा पदार्थ त्यांनी वापरला. असा पदार्थ घट्ट होताना सुप्त उष्णता बाहेर टाकतो आणि त्या काळात त्याचे तापमान जवळपास स्थिर राहते. पुढे हा गट बंगळुरूला आला व येथूनच त्याने उत्पादनाचा विकास केला.

प्रारूप ते उत्पादन

चालणारे प्रारूप म्हणजे उत्पादन नव्हे. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हृदयझडप विकसित झाली. तिची आधीची प्रारूपे अयशस्वी ठरली. चौथे यशस्वी झाले. प्राण्यांवरील चाचण्यांनंतर डिसेंबर १९९० मध्ये तिचे प्रथम मानवी रोपण झाले आणि पुढे टीटीके समूहाने उत्पादन हाती घेतले. संशोधन संस्था, शल्यचिकित्सक व उद्योग या तिघांच्या सहकार्याविना हे शक्य नव्हते.

नियमन

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्याच्या चढत्या प्रमाणानुसार उपकरणांचे चार वर्ग करण्यात आले आहेत. ‘ए’ वर्गात अल्प धोक्याची, तर ‘डी’ वर्गात हृदयझडपेसारखी सर्वाधिक धोक्याची उपकरणे येतात. ‘ए’ व ‘बी’ वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्य प्राधिकरण, तर ‘सी’ व ‘डी’ वर्गांचा केंद्रीय प्राधिकरण देते. ‘ए’ वर्गातील निर्जंतुक नसलेल्या व मापन न करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट असली, तरी नोंदणी आवश्यक असते. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आली. नवउद्योजकाला हे नियम जाचक वाटू शकतात. परंतु सदोष उपकरणाची किंमत रुग्णाला प्राणांनी मोजावी लागते, याचे विस्मरण होता कामा नये. म्हणूनच आपले उपकरण कोणत्या वर्गात मोडते, याचा विचार आराखड्याच्या वेळीच करणे हिताचे ठरते.

संस्थात्मक साहाय्य

चाचण्या व परवाने यांच्या काळात विक्रीचे उत्पन्न नसते. अनेक कल्पना येथेच थांबतात. ही दरी भरून काढण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये ‘बायरॅक’ची स्थापना केली. तिच्या ‘बिग’ योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. बंगळुरूतील ‘सी-कॅम्प’ ही तिची एक सहयोगी संस्था आहे. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई येथे २०१४ मध्ये ‘बेटिक’ केंद्र सुरू झाले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची विश्वेश्वरय्या संस्थाही या उपक्रमात सहभागी झाल्या.

पुढील वाटचाल

उपकरणांच्या बाबतीत देश आजही मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणात हे क्षेत्र ११ अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ५० अब्ज डॉलरपर्यंत नेण्याची अपेक्षा आहे. ती पूर्ण होण्यासाठी भांडवलाइतकीच रुग्णालयात थांबून डॉक्टर व परिचारिकांचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांची आवश्यकता आहे. विद्यार्थिदशेत त्यासाठी मोठी गुंतवणूक लागत नाही. जिल्हा रुग्णालयात बंद पडलेले एखादे यंत्र का बंद पडले, याचा शोध घेणे हीदेखील उद्योजकतेची पहिली पायरी ठरू शकते.