यंत्राचा दिवाणजी व कामाच्या तासांची नोंद



धान्याच्या घाऊक व्यापारात वजनकाट्याइतकेच हजेरीपटालाही महत्त्व आहे. काट्यात खोट असेल तर गिऱ्हाईक बुडते. हजेरीत खोट असेल तर नोकर बुडतो. अलीकडे ही हजेरी वहीतून संगणकात गेली आहे. टॉगल, क्लॉकिफाय, किमाई अशा प्रणालींत काम सुरू करताना व संपविताना कळ दाबली की वेळ नोंदली जाते. आता त्याही पुढचे पाऊल पडले असून ही नोंदवही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाच्या हाती देता येते. आपण साध्या भाषेत सांगावे व त्याने नोंदी पाहाव्या, घालाव्या, बदलाव्या. यात लाभ कोणता व धोका कोठे, हे आमच्या पेढीवर घडलेल्या प्रसंगावरून सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम हे चालते कसे ते पाहू. एजंट स्वतः हजेरीपटास हात लावीत नाही. त्याच्यापुढे ठराविक साधने मांडलेली असतात: ‘नोंद सुरू करा’, ‘नोंद थांबवा’, ‘आठवड्याच्या नोंदी दाखवा’, ‘नोंद पुसा’. प्रत्येक साधनास नाव, वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावी याचा नमुना, अशी तीन अंगे असतात. एजंट वर्णन वाचतो, योग्य वाटेल ते साधन निवडतो व नमुना भरून देतो. प्रत्यक्ष काम प्रणाली करते. अशी साधने मांडण्याची एक सामायिक पद्धत ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नावाने ॲन्थ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. २०२५ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. तात्पर्य, नव्या दिवाणजीस गादीवर बसविताना आपण जे तोंडी समजावतो, ते येथे लिहून द्यावे लागते. जे लिहिले नाही, ते तो तर्काने भरून काढतो.

आमच्या पुतण्याने पेढीत ही व्यवस्था बसविली. महिनाअखेरीस आम्ही एजंटास सांगितले, “संशयास्पद नोंदी काढून टाका.” त्याने एका दिवाणजीच्या मध्यरात्रीनंतरच्या तीन नोंदी पुसल्या. कळ दाबून काम थांबवायचे राहिले असावे, असा त्याचा तर्क. वस्तुतः उशिरा आलेले ट्रक उतरवून घेण्यासाठी तो गृहस्थ तिन्ही रात्री वखारीत पहाटेपर्यंत उभा होता. पगार हाती पडल्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वखारीची आवक-वही आमच्यापुढे उघडून ठेवली. ट्रकांचे क्रमांक व वेळा चालकांच्या सह्यांनिशी तीत होत्या. आम्ही शरमलो. अकरा तासांचा मोबदला त्याच वेळी चुकता केला. दोष यंत्रावर ढकलून सुटता येईना; पुसण्याचा अधिकार आम्हीच दिला होता, आणि ‘संशयास्पद’ म्हणजे काय हे आम्हीच सांगितले नव्हते.

त्यानंतर आम्ही चार सुधारणा केल्या.

पहिली, पुसण्याचे साधन एजंटाकडून काढून घेतले. कीर्दीतील चुकलेली रक्कम आपण खोडीत नाही, उलट नोंद करून फिरवितो. तसेच आता शंका आलेल्या नोंदीवर तो ‘तपासावी’ एवढीच खूण करतो.

दुसरी, वर्णनात घड्याळ कोणते ते लिहिले. अशा प्रणाली पुष्कळदा वेळ यूटीसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठेवतात. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे १५ तारखेच्या रात्री १ वाजताचे काम तेथे १४ तारखेच्या सायंकाळी ७:३० चे दिसते. हे न सांगितल्यास एका दिवसाचे तास दुसऱ्या दिवशी पडतात.

तिसरी, नोंद बदलण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याचा नियम केला. साधन नाकारण्याची मुभा माणसास असावी, असे त्या प्रोटोकॉलमध्येही सुचविले आहे. साधनावर ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण लावता येते खरी. परंतु ती सूचना आहे, कुलूप नव्हे.

चौथी, टोकन नावाची जी गुप्त किल्ली एजंटास द्यावी लागते, ती मालकाच्या खात्याची न देता मर्यादित अधिकाराच्या खात्याची दिली. ज्याची किल्ली, त्याचे अधिकार सामान्यतः तिच्याबरोबर जातात.

आज महिन्याचा गोषवारा दोन दिवसांऐवजी काही मिनिटांत तयार होतो, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. मात्र पगारापूर्वी तो गोषवारा प्रत्येक नोकरास दाखवून त्याची सही घेतो.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापे ठेवणे हा दोष गणलेला आहे. तास हेही मापच आहे. ते मोजण्याचे काम यंत्राकडे सोपविता येईल. माप खरे ठेवण्याची जबाबदारी मात्र पेढीच्या धन्याकडेच राहते, एवढेच आमचे नम्र सांगणे आहे.