सुई घेतली, पण घास कुठे?



गळीत हंगाम सुरू झाला की जेवणाची वेळ घड्याळावर राहत नाही. टोळी कुठे अडली, ट्रॉली कुठल्या चारीत रुतली, कुणाची तोडपावती निघाली नाही, या धावपळीत दुपारचे तीन कधी वाजतात ते कळत नाही. आपलेही तेच. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायचे आणि दिवसा तोडीवर उभे राहायचे. निरोगी माणसाला हे निभून जाते. पण ज्याला मधुमेहासाठी इन्शुलिनची सुई चालू आहे, त्याच्या ते जिवावर बेतू शकते. आम्ही स्वतः सहा वर्षे सुई घेतो, आणि तरीही गेल्या हंगामात पनवेलला आमची फजिती झाली.

कामासाठी मुंबईस निघालो होतो. सकाळी सात वाजता सुई घेतली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि बसमध्ये बसलो. जेवण एक वाजता पनवेलला, असा हिशेब. बोरघाटात एक टँकर आडवा झाला आणि गाड्यांची रांग लागली. पनवेल आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. खोपोलीपासूनच हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता. उतरताना तोल गेला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "सकाळीच लावलेली दिसतेय!" बिस्किटांचा पुडा पिशवीत होता, आणि पिशवी होती बसच्या डिकीत. साखर कारखान्याचा माणूस, आणि खिशात चिमूटभर साखर नाही! एका वयस्कर बाईंनी ओळखले. त्यांच्या घरीही सुई चालू असावी. त्यांनी दंडाला धरून स्थानकाबाहेरच्या रसवंतीत बसवले आणि बिनबर्फाचा रस पाजला. दहा-पंधरा मिनिटांनी आपण कुठे आहोत ते आम्हाला नीट उमजले.

आता हे झाले कसे, ते पाहू. आमचे औषध ३०/७० मिश्रणाचे आहे. आपल्याकडे पुष्कळांना हेच दिलेले असते. त्यातला ३० भाग युरियासारखा, अर्ध्या तासात लागू पडणारा. तो सकाळच्या खाण्यासाठी. ७० भाग शेणखतासारखा सावकाश चालणारा, आणि त्याचा भर चार तासांनंतर, म्हणजे दुपारी येतो. पिकाने खत उचलले नाही तर ते जमिनीत पडून राहील. हे औषध मात्र पोट रिकामे आहे म्हणून थांबत नाही. ते रक्तातली साखर खाली ओढतच राहते. म्हणून सकाळची सुई घेतलेल्याने दुपारचे जेवण चुकवायचेच नाही. 'आज उपास आहे' म्हणून नाही, 'काट्यावर नंबर आहे' म्हणून नाही. उपास करायचाच असेल तर सुईचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे. सुई आपल्या मनाने बंद करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. तसे केल्याने माणूस दवाखान्यात पोचतो.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, सपाटून भूक. पुढे चिडचिड आणि असंबद्ध बोलणे. यंत्र जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि मग भाकरी खावी. उसाचा रसही चालतो, पण मापात. ब्रिक्स १८ चा रस असेल तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि गरज असते १५ ची. म्हणजे अर्धा पेला पुरे. आम्ही घाबरून दोन पेले प्यायलो, वर पोटभर भात खाल्ला, आणि त्या रात्री यंत्राने २८० दाखवले! बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

(गूळ चालतो, साखर चालत नाही, असे काही मंडळी सांगतात. गूळ आपल्याच उसाचा आहे. रोजच्या खाण्यात तोही साखरेइतकाच जपून.)

रात्री पाणी धरायला जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कष्टाने साखर उतरते, आणि काही वेळा काम संपल्यावर कित्येक तासांनी, झोपेत उतरते. निघण्यापूर्वी काहीतरी खावे, खिशात साखरेची पुडी असावी आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाला आपल्या सुईची माहिती असावी. मांडीत सुई घेऊन लगेच दारे धरायला जाऊ नये. चालत्या पायातून औषध लवकर भिनते. त्या दिवशी पोट बरे. अनवाणी तर जाऊच नये. तोडलेल्या उसाचे बुडखे भाल्यासारखे असतात, आणि जुन्या मधुमेहात पायाला लागलेले कळत नाही.

औषधाची बाटली मोटारसायकलच्या डिकीत तापू देऊ नये. न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, आणि त्यात पिशवीत गुंडाळून बाटली. सावलीत ठेवावी आणि वाळू सुकू देऊ नये. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. सिरिंज घेताना टोपण पाहावे: बाटलीवर ४० असेल तर लाल टोपणाची, १०० असेल तर केशरी. १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात ५० युनिट जातात. चष्मा लागलेल्यांनी हे काम घरातल्या शिकत्या पोराकडून दोनदा तपासून घ्यावे.

यंदापासून वजनकाट्याच्या खोलीत खिडकीशी साखरेचा डबा, पेला आणि पाणी ठेवले आहे. रांगेत कुणी ड्रायव्हर घामाघूम होऊन बरळताना दिसला तर तो प्यालेला आहे असे ठरवण्याआधी त्याला विचारा, सुई चालू आहे का. डबा कुणाला न विचारता घ्यावा.